हजेरीपट आडवा वाचा

हजेरीपट आपण भरतो उभा. आजच्या तारखेचा रकाना, वरून खाली नावं, हजर, हजर, गैरहजर, तळाला बेरीज, सही, झालं. महिनाअखेरीला टक्केवारी काढून दिली की ऑफिसचंही काम भागतं. पण एखादं मूल शाळेत का येत नाही, हे त्या उभ्या रकान्यात कधीच दिसत नाही. ते दिसतं आडव्या ओळीत. त्यामुळे नव्या वर्गशिक्षकांना मी पहिल्यांदा एकच सांगते: दर शुक्रवारी शेवटच्या तासानंतर दहा मिनिटं काढा, एकेका नावाखाली पट्टी धरा आणि ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जा. पट संगणकात असेल तर एका मुलाचा अख्खा महिना एका ओळीत येईल असा छापून घ्या. पडद्यावर बोटाने सरकवत बघितलेलं डोक्यात राहत नाही, निदान माझ्या तरी नाही.

टक्केवारीवर माझा राग आहे आणि त्याला कारण आहे. समजा, वर्षात २०० दिवस शाळा भरली आणि ४० मुलांच्या वर्गाची सरासरी हजेरी ९२ टक्के आली. ऐकायला झकास वाटतं. याचा अर्थ वर्षभरात सगळ्यांचे मिळून ६४० खाडे झाले. ते सगळ्यांत सारखे वाटले गेले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १६. पण असंही असू शकतं की ८ मुलांचे प्रत्येकी ५० खाडे आहेत आणि उरलेल्या ३२ जणांचे जेमतेम सात-आठ. टक्केवारी तीच, ९२. फरक एवढाच की या दुसऱ्या वर्गात आठ मुलांची पाव शाळा बुडाली आहे आणि तक्ता बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. २०१२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बाल्फान्झ आणि व्हॉन बर्न्स यांनी अमेरिकेतली आकडेवारी धुंडाळली, तेव्हा मुलामागे खाडे मोजणारी राज्यं त्यांना मोजकीच सापडली. बाकी सगळीकडे सरासरीवरच समाधान.

तेव्हा मोजायचं ते मुलामागे. अभ्यासकांमध्ये रुळलेली एक खूण आहे, ती मला कामाला बरी वाटते: भरलेल्या दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडाले की काळजी सुरू करायची. कारण कुठलंही असो. आजारपण, अर्ज देऊन घेतलेली रजा, चक्क मारलेली दांडी, सगळं धरायचं, कारण अपूर्णांकांचा धडा चुकला तो चुकलाच, अर्ज दिला म्हणून तो आपोआप समजत नाही. २०० दिवसांत १० टक्के म्हणजे २० दिवस, म्हणजे महिन्याला दोन. महिन्याला दोन खाडे कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत, तिथेच तर गोम आहे. पहिला महिना संपला की दोन किंवा जास्त खाडे असलेल्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब करा. दुसऱ्या महिन्यातही तेच झालं तर टिंबाला गोल करा. गोल झालेली नावं तुमची.

पट भरण्याबद्दल

थोडक्यात सांगते, कारण हे बहुतेकांना माहीत असतं आणि तरी पाळलं जात नाही. हजेरी पहिल्याच तासाला, वर्गात बसून, चेहरे बघत घ्यायची. नुसतं ‘हजर बाई’ ऐकून खूण करू नका, शेजारच्याचा आवाज काढणारे कलाकार प्रत्येक वर्गात असतात. उशिरा आलेल्याला वेगळी खूण ठेवा. त्याला गैरहजर मांडलंत तर धावतपळत आल्याचा उपयोग काय, आणि नुसता हजर मांडलात तर उशिराचं पुढे काय झालं ते कळणार नाही. मधल्या सुट्टीनंतर गायब होणाऱ्यांसाठी दुपारी पुन्हा एक नजर टाका. आणि मागच्या तारखा नंतर आठवून भरू नका. गैरहजर दिसलेलं मूल त्या दिवशी खरंच कुठे होतं, हा प्रश्न कधी गंभीरपणे विचारला गेला, तर उत्तराला तेवढा एकच कागद असतो.

पटात कारण लिहायचं ते एका अक्षरात. ‘आ’ म्हणजे आजारी, ‘घ’ म्हणजे घरचं काम, ‘प’ परगावी, ‘?’ म्हणजे माहीत नाही. तपशील स्वतःच्या वहीत. कोणाच्या घरात काय चाललंय हे हजेरीपट उघडणाऱ्या प्रत्येकाने वाचायचं काही कारण नाही.

ओळ काय सांगते

आता खरी गंमत. ओळी वाचायला लागलात की दोन-तीन महिन्यांत नमुने ओळखू येतात.

सुटे, विखुरलेले खाडे बहुधा साधे असतात. सलग चार-पाच दिवस आणि मग स्वच्छ ओळ, म्हणजे आजारपण किंवा प्रवास. सोमवार-सोमवार रिकामे असतील तर घरचं रविवारचं वेळापत्रक विचारा. चाचणीच्या, वह्या तपासायच्या किंवा पैसे भरायच्या तारखेला रिकामी चौकट आली, तर मूल कशाला तोंड द्यायचं टाळतंय ते तुमच्या समोरच आहे. ज्याच्या उशिराच्या खुणा आधी वाढल्या आणि मग खाडे सुरू झाले, त्याच्याकडे तातडीने बघा. उशीर ही बहुतेकदा गळतीची पहिली पायरी असते. आणि धाकटं भावंड खालच्या वर्गात असेल तर त्या वर्गाचा पट मागून दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा. धाकटं आजारी पडलं की थोरली घरी, असं दिसलं तर थोरलीला रागावून काय होणार? तिला घरी ठेवायचं तिने ठरवलेलंच नसतं.

दर चार आठवड्यांनी एक-दोन दिवस, अशी ओळ सहावीच्या पुढच्या मुलींची असते. एका वर्षी माझ्या वर्गात अशा तीन ओळी होत्या. विचारल्यावर पोटदुखी, डोकेदुखी, ठरलेली उत्तरं. मग त्यांच्यातल्याच एकीने सांगितलं, मुलींच्या स्वच्छतागृहात एकाच दाराला कडी लागते, बाकीच्या दारांना बाहेरून मैत्रिणीने पाय लावून उभं राहावं लागतं, आणि आत कचऱ्याचा डबा नाही. मी जाऊन बघितलं. कडी होती, पण तिचा कोंडा चौकटीतून निघून लोंबत होता. सुताराने स्क्रू बदलून अर्ध्या तासात काम संपवलं, झाकणाचे डबे आले, कपाटात पॅडचं पाकीट ठेवलं आणि ते कुठे आहे हे मुलींना सांगितलं, मागावं लागू नये म्हणून. पोटदुखी खरी असणारी एक मुलगी अधूनमधून राहतेच घरी. बाकी दोघींच्या ओळी भरल्या. वर्षभर उपदेश केला असता तर कडी तशीच लोंबत राहिली असती.

पहिला फोन

पहिल्याच दिवशी, दुसऱ्या तासाच्या आत. हा फोन शिस्तीसाठी नसतो. मूल घरून निघालं आणि शाळेत पोचलं नाही, ही शक्यता आधी खोडायची असते. बाकी सगळं नंतर. म्हणून प्रत्येक मुलामागे दोन मोठ्या माणसांचे नंबर हवेत, आणि ते दर सत्राच्या सुरुवातीला लावून बघायचे, नुसते लिहून घ्यायचे नाहीत. नंबर बदलतात, बंद पडतात, कधी तो मुलाच्याच खिशात असतो.

बोलायचं असं:

“नमस्कार, मी वर्गशिक्षिका बोलतेय. आज तो वर्गात दिसला नाही म्हणून फोन केला. घरीच आहे ना?”

“हो बाई, घरीच आहे. जरा पोट दुखतंय म्हणाला.”

“बरं. काळजी घ्या. उद्या येईल असं वाटतं का?”

एवढंच. ‘का पाठवलं नाहीत’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्या प्रश्नाला समोरचा माणूस बचावाचं उत्तर देतो, खरं देत नाही. आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गैरहजर मुलांची नावं टाकणं तर आजच्या आज बंद करा. ज्या पालकाला खरंच अडचण आहे तो त्या यादीनंतर तुमचा फोन उचलायचाच थांबतो.

वरच्या संवादातलं पोट गुरुवारी दुखायचं. एका गुरुवारी कळलं नाही, तिसऱ्या गुरुवारी ओळीत दिसलं. वेळापत्रक बघितलं तर गुरुवारी भाषेच्या तासाला पाळीपाळीने मोठ्याने वाचन. मुलगा जोडाक्षरांना अडखळायचा आणि मागच्या बाकावरून हसू यायचं. पोट खरंच दुखतं बरं का, भीतीचं पोट नाटकी नसतं. उपाय एवढाच केला की त्याचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशीच सांगायचा, घरी तीनदा वाचून यायला. मागच्या बाकाशी जे बोलायचं ते मी वेगळं बोलले.

कारण शोधताना

शाळा टाळणाऱ्या मुलांवर ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एक मांडणी केली, ती वर्गशिक्षकाला फार उपयोगाची आहे. मूल कसं वागतंय यापेक्षा घरी राहून त्याला काय मिळतंय ते बघा, असं ती सांगते. चार शक्यता. शाळेतल्या एखाद्या गोष्टीने जीव घाबरतो, त्यातून सुटका मिळते. माणसांपासून किंवा परीक्षेपासून सुटका मिळते. घरच्यांचं लक्ष आणि सहवास मिळतो. किंवा शाळेबाहेर काहीतरी जास्त मजेचं मिळतं: झोप, मोबाइल, मित्र, कमाई.

चारांचे उपाय वेगळे आहेत आणि सगळा घोळ एकाचा उपाय दुसऱ्याला लावल्याने होतो. घाबरलेल्या मुलाला धाक दाखवला की ते आणखी घाबरतं. मोबाइलसाठी घरी राहणाऱ्याला प्रेमाने समजावत बसलात तर तो मान डोलावतो आणि उद्या पुन्हा घरी. तिथे पालकांशी बोलून शाळेच्या वेळेत मोबाइल घरातल्या मोठ्यांकडे, हा एकच उपाय मला चाललेला दिसलाय. आईला चिकटणाऱ्या लहानग्यासाठी सकाळचा निरोप आखूड करायचा, फाटकावरच, रोज एकाच माणसाने, मागे वळून न बघता. आईला ते जड जातं. मुलाला त्याहून कमी.

यात पाचवं एक कारण मी जोडते, ते आपणच असतो. गृहपाठ झाला नाही की वर्गाबाहेर उभं करणारा शिक्षक असेल तर गृहपाठ न झालेलं मूल काय करेल? येणार नाही. हिशोब अगदी सरळ आहे.

आजारपणाचा गोंधळ

पालक विचारतात, पाठवू का नको? ढोबळ नियम माहीत असले की उत्तर देता येतं. ताप गेला आणि तापाचं औषध न देता २४ तास आला नाही, तर पाठवा. उलट्या-जुलाब थांबल्यावर एक-दोन दिवस थांबा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस घरी. साधी सर्दी, तापाशिवाय, शाळेत चालते. उवा झाल्या म्हणून घरी पाठवायचं तर मुळीच कारण नाही. संध्याकाळी उपचार करा, सकाळी पाठवा, आणि वर्गात त्याचा बोभाटा करू नका. शंका असेल तिथे डॉक्टरांचा शब्द शेवटचा, माझा नाही.

दमा, मधुमेह, फिट्स असं काही असेल तर त्या मुलाचे खाडे होणारच. त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच एक जोडीदार आणि एक वही नेमून द्या, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने जुळवाजुळव नको.

परतल्याचा दिवस

बहुतेक शाळांची सगळी शक्ती मूल येत नाही त्या दिवसांवर खर्च होते. माझ्या मते निकाल लागतो ते मूल परत येतं त्या सकाळी. पाच दिवसांनी आलेलं मूल दारात उभं असतं तेव्हा त्याच्या मनात दोनच गोष्टी असतात: सगळे बघणार, आणि मला काही येणार नाही. आणि आपण काय करतो? “आलात का? कुठे होता इतके दिवस?” वर्ग हसतो. मग सगळ्या वह्या पूर्ण करून आणायला सांगतो, उद्यापर्यंत. पाच दिवसांचे सहा विषय एका रात्रीत उतरवणं मोठ्या माणसाला जमणार नाही. वह्या होत नाहीत, म्हणून उद्या पुन्हा खाडा. हा दुसरा खाडा आपण लावलेला असतो.

मी असं करते. दारातच, हळू आवाजात, “आलास, बरं झालं.” कारण विचारायचं ते मधल्या सुट्टीत, एकट्याला, उभ्या-उभ्या. त्याची जागा मधल्या काळात कोणाला दिलेली नसते. जागा हलली की मुलाला वाटतं आपण नसलो तरी चालतं. शेजारच्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, आज याला कुठलं पान चालू आहे ते दाखवत राहा.

बुडालेल्या अभ्यासातून मी तीनच गोष्टी निवडते, ज्यांच्याशिवाय पुढचं अडेल अशा. पाच दिवसांत गणितात भागाकाराची नवी रीत झाली असेल तर ती पहिली. इतिहासाचा एक धडा राहिला तर राहिला, तो परीक्षेआधी वाचता येतो. त्या तीन गोष्टींची चिठ्ठी त्याच्या वहीत डकवते, पुढे तारीख, आठवड्याची मुदत. फळ्यावरच्या नोंदी उतरवून काढायला लावत नाही. दुसऱ्याच्या वहीचे फोटो काढून नेऊ दे, उतरवण्यात हात दुखतो, डोक्यात काही जात नाही. त्या दिवशी चाचणी असली तर त्याची चाचणी पुढच्या आठवड्यात. आणि पहिल्या दोन तासांत त्याला एक असा प्रश्न विचारते ज्याचं उत्तर त्याला येतंच. वर्गाला कळत नाही, त्याला बरोबर कळतं.

महिनाभर किंवा जास्त खंड पडला असेल तर थेट पूर्ण दिवसाचा आग्रह नको. पहिल्या आठवड्यात आवडीच्या विषयांचे तास आणि मधली सुट्टी, मग वाढवत न्या. पण तारखा लिहून ठरवा, मुलासमोर, पालकांसमोर. ‘जमेल तसं ये’ म्हटलं की जमत नाही.

बक्षीस आणि दंड

शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र मला कधीच पटलं नाही. ते मिळवायला मुलं तापात येतात आणि शेजाऱ्याला ताप देऊन जातात. हा नुसता माझा तिरसटपणा नाही. कॅलिफोर्नियातल्या १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर कार्ली रॉबिन्सन, टॉड रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, पूर्ण हजेरीबद्दल मागाहून अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची पुढच्या महिन्यातली हजेरी वाढली नाही, उलट किंचित घटली. दंडाबद्दल तर बोलायलाच नको. वर्ग बुडवला म्हणून वर्गाबाहेर काढायचं, ही शिक्षा ज्याने शोधली त्याने एकदा ती मोठ्याने म्हणून बघावी.

उपयोग होतो तो पालकांना साधा आकडा सांगण्याचा. याच रॉजर्स यांनी अ‍ॅव्ही फेलर यांच्यासोबत फिलाडेल्फियात २८ हजारांहून जास्त घरांना पत्रं पाठवून हे तपासलं, २०१८ साली ते छापून आलं. आपल्या मुलाचे खाडे किती झाले याचा पालकांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी असतो. नुसता खरा आकडा कळवलेल्या घरांत सततच्या गैरहजेरीचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. वर्गातल्या इतर मुलांशी तुलना जोडून वेगळा फायदा काही दिसला नाही, म्हणून ती गाळा. माझं पत्र चार ओळींचं असतं:

“या सत्रात आजपर्यंत ६४ दिवस शाळा भरली. त्यांपैकी ९ दिवस आपली मुलगी वर्गात नव्हती. ती रोज वर्गात असावी असं मला वाटतं. यायला काही अडचण असेल तर शाळा सुटल्यावर भेटा किंवा फोन करा, आपण मिळून मार्ग काढू.”

धमकी नाही, नियमाचा क्रमांक नाही. पत्र मुलाच्या हाती द्यायचं नाही, हे सांगायला नकोच.

फोन आणि पत्राने भागत नाही तेव्हा

घरी जायचं. आधी कळवून, दोघांनी मिळून, घरची मोठी माणसं भेटतील अशा वेळी. पट किंवा कागद बगलेत घेऊन नाही, ते तपासणीला आल्यासारखं दिसतं. शेजाऱ्यांसमोर दारातच विषय काढू नका. पंधरा मिनिटं बसा आणि निम्मा वेळ ऐका. निघताना एकच गोष्ट ठरवून निघा: सोमवारी पहिल्या तासाला तो येणार, मी फाटकापाशी असेन. पाच गोष्टी ठरवल्यात तर एकही होत नाही.

काही ओळी मात्र आपल्या आवाक्याबाहेरच्या असतात. अंगावर वळ दिसले, मूल कामाला लावल्याचं कळलं, घरी जायलाच घाबरतं असं वाटलं, किंवा घरचे प्रत्येक वेळी वेगळीच गोष्ट सांगू लागले, तर स्वतः तपास करत बसू नका. मुलाला ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून काढा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे द्या. पुढे मुलांच्या संरक्षणाची जी यंत्रणा असेल तिच्याकडे ते जायला हवं. गेलं का, हे दुसऱ्या दिवशी विचारा.

मुख्याध्यापकांसोबत महिन्यातून एकदा वीस मिनिटांची बैठक पुरते. गोल केलेली नावं, काय केलं, पुढे कोण काय करणार. बैठकीत टक्केवारी निघाली की विषय बदला.

वर्ष संपताना पट दप्तरी जातो आणि गोल केलेली मुलं पुढच्या वर्गात जातात. त्यांच्यासाठी पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती अर्धं पान द्या. त्यात ‘आळशी’, ‘घरचं वातावरण बरोबर नाही’ असली विशेषणं नकोत. ‘गुरुवारचं वाचन आदल्या दिवशी सांगावं लागतं’, ‘आईचा फोन दुपारी दोननंतर लागतो’, ‘धाकटा भाऊ तिसरीत, दोघांचे खाडे एकत्र बघा’, असं लिहा. पहिल्या आठवड्यात त्याला तेवढंच लागेल.